फाळक्यांना न मिळालेली तारामती

भारतीय चित्रपटाच्या इतिहासात दोन तारामती आहेत, आणि त्या दोघींमध्ये एकोणीस वर्षांचे अंतर आहे. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला, तेव्हा तारामतीच्या भूमिकेत अण्णा साळुंके हे पुरुष नट होते. फाळक्यांनी या भूमिकेसाठी स्त्री मिळावी म्हणून पुष्कळ खटपट केली. प्रतिष्ठित घरांतून होकार येणे शक्यच नव्हते. पण ज्यांना समाजाने प्रतिष्ठेच्या बाहेरच ठेवले होते, त्या स्त्रियाही कॅमेऱ्यासमोर उभ्या राहण्यास तयार झाल्या नाहीत. अखेर एका उपाहारगृहात काम करणारे साळुंके त्यांच्या नजरेस पडले आणि हिंदुस्थानच्या पडद्यावरील पहिली नायिका साकार झाली. पुढे १९१७ साली 'लंकादहन'मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या, हे वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असेल.

दुसरी तारामती १९३२ सालची. कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीने व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट काढला. कथा तीच, हरिश्चंद्राची. राजाच्या भूमिकेत गोविंदराव टेंबे होते आणि तारामती झाल्या होत्या दुर्गाबाई खोटे. त्यांचे वय त्या वेळी सत्तावीस वर्षांचे, पदरी दोन मुलगे, एका प्रतिष्ठित घरची लेक आणि दुसऱ्या तितक्याच प्रतिष्ठित घरची सून. पुढे १९८३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार याच दुर्गाबाईंना देण्यात आला. फाळक्यांना जी तारामती मिळाली नव्हती, तिला फाळक्यांच्याच नावाचा सन्मान मिळाला. या सत्तर वर्षांत नेमके काय घडले, आणि 'चित्रपटात आलेली पहिली कुलीन स्त्री' या ज्या बिरुदाने दुर्गाबाईंना आजवर ओळखले जाते ते कितपत खरे आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

दुर्गाबाईंचा जन्म १४ जानेवारी १९०५ रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव लाड, मूळ नाव विठा. घराणे मूळचे गोव्याचे. घरात कोकणी बोलली जाई. वडील पांडुरंगराव लाड हे मुंबईतील नावाजलेले सॉलिसिटर. मुलीचे शिक्षण कॅथीड्रल शाळेत आणि पुढे सेंट झेवियर्स महाविद्यालयात झाले. म्हणजे घरी कोकणी, शाळेत इंग्रजी, गिरगावच्या शेजारात मराठी आणि बाजारात हिंदी, अशा चार भाषांच्या सहवासात ही मुलगी वाढली. घरची भाषा एक आणि उंबरठ्याबाहेरची दुसरी, हा अनुभव इंदूर, बडोदे, बेळगाव किंवा हैदराबाद येथे पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या आपल्या कुटुंबांना निराळा समजावून सांगण्याची गरज नाही. दुर्गाबाईंच्या आयुष्यात मात्र हीच गोष्ट पुढे उपजीविकेचे साधन ठरली.

लहान वयातच त्यांचा विवाह खोटे कुटुंबातील विश्वनाथराव यांच्याशी झाला. सासर धनाढ्य होते. पण ते वैभव टिकले नाही. आर्थिक आपत्तीत घर सापडले आणि दोन मुलांच्या आईला मिळवते होण्यावाचून गत्यंतर उरले नाही. शिकलेल्या स्त्रीला त्या काळी शिकवण्या करणे हाच काय तो सभ्य मार्ग मोकळा असे. तो त्यांनी धरला, पण त्यातून संसार चालेना. अशा वेळी १९३१ साली मोहन भवनानी यांच्या 'फरेबी जाल' या चित्रपटात एक लहानशी भूमिका त्यांच्याकडे आली. मूकपट मावळत होता, बोलपट उगवत होता. १४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' प्रदर्शित होऊन गेला होता आणि तयार मूकपटाला बोलका तुकडा जोडून तो खपविण्याची धडपड कंपन्या करीत होत्या. दुर्गाबाईंची भूमिका अशाच बोलक्या भागापुरती होती.

चित्रपट सुमार निघाला. पण त्याची जाहिरात सुमार नव्हती. लाडांची कन्या आणि खोट्यांची सून पडद्यावर, हेच तिचे मुख्य भांडवल होते. दुर्गाबाईंनी या चित्रपटातून घेतले ते कामाचे मोल, कंपनीने मात्र विकायला काढली ती दोन घराण्यांची नावे. गिरगावात टीकेचे काहूर उठले आणि दोन्ही घरांना मान खाली घालावी लागली. कुलीनतेचा हा पहिला व्यवहार आपण नीट ध्यानात ठेवला पाहिजे. ज्या समाजाने तिच्या कुळाचा हवाला देऊन तिला दोष दिला, त्याच समाजाच्या कुतूहलावर तिकिटे खपतील असा हिशेब करून कंपनीने त्याच कुळाचा डंका वाजवला होता.

शांतारामबापूंनी नेमक्या याच पडत्या चित्रपटातील अभिनेत्रीला तारामतीसाठी निवडले, यामागे निव्वळ धाडस नव्हते. बोलपटाची एक निकडीची गरज होती. मूकपटाच्या नायिकेला भाषा लागत नसे. रूबी मायर्स, म्हणजे त्या काळच्या सुलोचना, या मूकपटाच्या सम्राज्ञी होत्या. पण बोलपट येताच त्यांनाही हिंदुस्थानी शिकण्यासाठी थांबावे लागले. आता शुद्ध वाणी हवी होती, संवादातील अर्थ कळणारी बुद्धी हवी होती, आणि गळाही हवा होता. कारण पार्श्वगायनाची सोय अजून निघाली नव्हती, नटीलाच स्वतः गावे लागे. त्यातून 'अयोध्येचा राजा' मराठी व हिंदी अशा दोन भाषांत निघायचा होता. तोच पोशाख, तोच देखावा, आणि संवाद मात्र दोनदा, दोन भाषांत. या कसोटीला उतरणारी स्त्री मिळणे सोपे नव्हते. यंत्राने आवाज दिला आणि त्या आवाजाने शिकलेल्या स्त्रीसाठी जागा केली, असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल.

तारामतीची भूमिकाही विलक्षण योगायोगाची होती. राज्य गेलेली राणी, जिला मुलासाठी परक्याच्या घरी राबावे लागते, ही कथा प्रेक्षकांनी कीर्तनांतून आणि नाटकांतून शेकडो वेळा ऐकली होती. ती सांगणारा आवाज मात्र प्रथमच एका स्त्रीचा होता. पुरुषाने साकारलेल्या स्त्रीरूपाला मराठी प्रेक्षक भक्तिभावाने दाद देत असे. बालगंधर्वांचे शालू आणि त्यांचा पदन्यास हा स्त्रीसौंदर्याचा मानदंड मानला जाई. त्या प्रेक्षकासमोर दुर्गाबाई ताठ मानेने, धीम्या आणि स्वच्छ वाणीने बोलू लागल्या, तेव्हा स्त्रीचे दुःख हे लाडिक स्वरात सांगायचे नसते हे त्याला प्रथमच जाणवले असावे. 'अयोध्येचा राजा' कमालीचा यशस्वी झाला आणि काल दोष देणारी तोंडे आज कौतुक करू लागली.

येथे एका गोष्टीचा स्पष्ट उल्लेख केला पाहिजे. दुर्गाबाई पडद्यावर आलेल्या पहिल्या मराठी स्त्री नव्हेत. फाळक्यांच्याच १९१३ सालच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या होत्या आणि त्यांची कन्या कमलाबाई मोहिनी झाली होती. या कमलाबाई म्हणजेच पुढे कमलाबाई गोखले, नामवंत नट चंद्रकांत गोखले यांच्या मातोश्री. या मायलेकींनी ज्या काळात पाऊल टाकले, त्या काळी त्यांच्या मागे ना सॉलिसिटर वडिलांचे नाव होते, ना महाविद्यालयाचे शिक्षण. फातिमा बेगम यांनी तर १९२६ सालीच 'बुलबुल-ए-परिस्तान' दिग्दर्शित केला होता. रंगभूमीवर पाहावे तर दुर्गाबाईंच्याच वर्षी जन्मलेल्या हिराबाई बडोदेकर आपल्या भावंडांसह स्त्रीभूमिका स्त्रियांनीच करण्याचा पायंडा पाडीत होत्या. त्यांच्या आडनावातील बडोदे हे त्यांच्या मातोश्री ताराबाई माने यांच्याकडून आलेले, हे तेथील वाचक अभिमानाने सांगतात. गोव्याच्या कलावंत घराण्यांतील किती तरी स्त्रियांनी गाणे आणि नाट्य जिवंत ठेवले. त्यांची कला सर्वांनी ऐकली, परंतु पंगतीत त्यांना पान मांडले गेले नाही.

'पहिली कुलीन स्त्री' असे म्हणताना आपण नकळत या सर्वजणींना अकुलीन ठरवीत असतो. हे दुर्गाबाईंचे गुणवर्णन नसून आपल्याच मनातील जुन्या उतरंडीचे वर्णन आहे. वस्तुस्थिती अशी की दार या आधीच्या स्त्रियांनी उघडले होते, आणि त्याची किंमतही त्यांनीच मोजली. दुर्गाबाई त्या दारातून आत गेल्या तेव्हा समाजाला, हे आपल्याही लेकीसुनांसाठी आहे, असे कबूल करावे लागले. ऐतिहासिक दृष्टीने दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पण त्या एक नव्हेत, आणि दुसरीच्या झगमगाटात पहिलीचा विसर पडणे हा अन्याय आहे.

या कबुलीचा परिणाम मात्र झपाट्याने दिसू लागला. १९३३ साली नाट्यमन्वंतर या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणले, त्यात स्त्रीभूमिका स्त्रियांनी केल्या. गोव्याच्या ज्योत्स्नाबाई भोळे यांचे नाव त्या नाटकाने घरोघरी पोहोचविले. पुढे चित्रपटात शोभना समर्थ आल्या. धारवाडला जन्मलेल्या, पदवीधर लीला चिटणीस आल्या आणि 'कंगन' व 'बंधन' यांनी हिंदी प्रेक्षकांच्या गळ्यातील ताईत बनल्या. ग्वाल्हेरच्या सरदार घराण्यातील वनमाला आल्या. १९४१ सालच्या अत्रे यांच्या 'पायाची दासी', म्हणजेच हिंदीतील 'चरणों की दासी', या चित्रपटात वनमाला छळ सोसणारी सून होत्या आणि दुर्गाबाई खाष्ट सासू. ग्वाल्हेरची लेक आणि गोव्याच्या घराण्यातील लेक यांनी मिळून हिंदी पडद्यावर मराठी घरातील सासुरवास दाखवावा, यात बृहन्महाराष्ट्राचा एक छोटासा इतिहासच सामावला आहे. पुढे याच वनमालाबाई १९५३ साली 'श्यामची आई' झाल्या.

आता दुर्गाबाईंच्या हिंदी कारकिर्दीकडे वळू. प्रभातच्याच 'माया मच्छिंद्र'मध्ये त्या स्त्रीराज्याची राणी झाल्या. सोबतीला खराखुरा चित्ता असलेली ती राणी पाहणाऱ्यांच्या कायम स्मरणात राहिली. पण त्या एका कंपनीला बांधून घेऊन बसल्या नाहीत. त्या काळी नटनट्या कंपनीच्या मासिक पगारावर असत आणि कंपनी बदलणे म्हणजे घर सोडण्यासारखे मानले जाई. दुर्गाबाई कलकत्त्याला गेल्या. न्यू थिएटर्सच्या 'राजरानी मीरा'मध्ये त्या मीरा झाल्या आणि देवकी बोस यांच्याच दिग्दर्शनाखाली १९३४ साली ईस्ट इंडिया फिल्म कंपनीच्या 'सीता'मध्ये सीता. हा चित्रपट व्हेनिसच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात दाखविला गेला. त्यात राम होते पृथ्वीराज कपूर.

१९३६ साली त्या पुन्हा प्रभातमध्ये आल्या. कंपनीचे बिऱ्हाड एव्हाना कोल्हापूरहून पुण्यास हलले होते. शांतारामबापूंच्या 'अमर ज्योती'तील सौदामिनी ही त्यांच्या तरुणपणातील सर्वांत तेजस्वी भूमिका म्हणावी लागेल. राज्याचा कायदा आईला तिच्या मुलाचा ताबा नाकारतो, आणि ती आई समुद्रावरील चाच्यांची नायिका बनून त्या कायद्याविरुद्ध उभी राहते, असे हे कथानक. मुलांच्या पोटासाठी चित्रपटात आलेल्या स्त्रीने ही भूमिका करताना काय काय आठवले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. पुढच्याच वर्षी, १९३७ साली, त्यांनी 'साथी' या चित्रपटाची निर्मिती केली. नटीने निर्माती व्हावे, हिशेबाची वही स्वतः हाती घ्यावी, ही गोष्ट त्या काळी अत्यंत दुर्मीळ होती.

येथून पुढे त्यांच्या कारकिर्दीचे दुसरे पर्व सुरू होते, आणि माझ्या मते त्यांचे खरे मोठेपण या पर्वात आहे. चित्रपटसृष्टी नायिकेला फार काळ तरुण राहू देत नाही. दुर्गाबाईंनी रुसून घरी बसण्याऐवजी वयाबरोबर येणाऱ्या भूमिका आपणहून स्वीकारल्या. 'चरणों की दासी'तील सासू, १९४२ सालच्या विजय भट्ट यांच्या 'भरत मिलाप'मधील कैकेयी, १९४३ सालच्या 'पृथ्वी वल्लभ'मधील करारी मृणालवती, या सर्व भूमिका प्रेक्षकांचा रोष ओढवून घेणाऱ्या होत्या. काल सीता आणि तारामती म्हणून ज्या स्त्रीला लोकांनी हात जोडले, तिने आज कैकेयी व्हावे यात धोका होता. पण या सासूसाठी आणि या कैकेयीसाठीच बंगालच्या चित्रपट पत्रकारांच्या संस्थेने त्यांचा गौरव केला.

चित्रपट हे पोट होते, तर रंगभूमी हे ऋण होते. मुंबई मराठी साहित्य संघाच्या रंगमंचावर त्यांनी 'भाऊबंदकी'तील आनंदीबाई साकारली. शिरवाडकरांनी शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'वरून केलेल्या 'राजमुकुट'मध्ये त्यांनी काम केले. पेशवाईचा इतिहास ज्यांच्या घरांतील कागदपत्रांत आणि बोलण्यात अजून जिवंत आहे, अशा इंदूर-ग्वाल्हेरच्या मंडळींना आनंदीबाईची भूमिका किती अवघड असते हे सांगावयास नको. 'इप्टा' या संस्थेच्या नाट्यचळवळीतही त्यांचा सहभाग होता. १९५८ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि १९६८ साली पद्मश्री.

हिंदी प्रेक्षकांच्या पुढच्या पिढीला मात्र दुर्गाबाई आठवतात त्या १९६० सालच्या 'मुघल-ए-आझम'मधील जोधाबाई म्हणून. के. आसिफ यांच्या त्या भव्य चित्रपटात अकबर झाले होते पृथ्वीराज कपूर. म्हणजे सव्वीस वर्षांपूर्वीचे राम आणि सीता आता बादशहा आणि मलिका म्हणून समोरासमोर आले. एकीकडे पती आणि साम्राज्य, दुसरीकडे नवसाने झालेला पुत्र. या दोहोंमध्ये चिरडली जाणारी ती राजपूत राणी मोजक्या शब्दांत बोलते. संवादांच्या गडगडाटात दुर्गाबाईंचे मौन अधिक ऐकू येते. हिंदी चित्रपटांतील आईची भूमिका पुढे रडण्याचा कारखाना झाली, तिला येथे राणीची अदब आणि आईची अगतिकता एकाच वेळी लाभली आहे.

१९७३ सालच्या राज कपूर यांच्या 'बॉबी'मध्ये त्या मिसेस ब्रॅगांझा झाल्या. गोव्याची ख्रिस्ती वृद्धा, श्रीमंताच्या घरी मूल सांभाळणारी, नातीवर जीव टाकणारी. कोकणी बोलणाऱ्या, गोव्याच्या मुळांच्या या अभिनेत्रीला उतारवयात पडद्यावर गोव्याची आजी होण्याचा योग आला. ज्या घरच्या मुलीने नोकरीचाकरी करणे म्हणजे कुळाला बट्टा मानले गेले होते, तिने परक्याचे मूल सांभाळणाऱ्या बाईला राणीइतकीच प्रतिष्ठा दिली. तारामतीपासून ब्रॅगांझापर्यंतचा हा प्रवास म्हणजे श्रमाला मान देण्याचा प्रवास होय. १९७४ सालच्या 'बिदाई'तील आईसाठी त्यांना फिल्मफेअरचे साहाय्यक अभिनेत्रीचे पारितोषिक मिळाले. १९८० सालच्या 'कर्ज'पर्यंत त्या काम करीतच होत्या. सुमारे पन्नास वर्षांत दोनशेच्या आसपास चित्रपट, असा हा पसारा आहे.

पडद्यामागचे कामही चालू होते. लघुपट आणि माहितीपट काढणारी संस्था त्यांनी उभी केली. १९८८ साली दूरदर्शनवर आलेली, आर. के. लक्ष्मण यांच्या सामान्य माणसाच्या जगावर आधारलेली 'वागळे की दुनिया' ही मालिका दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सची होती. ज्या घरांतील वडीलधाऱ्यांनी 'अयोध्येचा राजा' पाहिला होता, त्यांची नातवंडे वागळ्यांचा संसार पाहून हसत होती. आणि या दोहोंमागे एकच बाई होती हे त्यांतील फारच थोड्यांना ठाऊक होते.

'मी, दुर्गा खोटे' हे त्यांचे मराठी आत्मचरित्र. शांता गोखले यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद २००६ साली प्रसिद्ध झाला. आत्मचरित्रात आपल्या घरण्याच्या पडत्या काळाविषयी बोलताना त्या कमाईची गरज झाकून ठेवीत नाहीत. कलेच्या ओढीने आपण चित्रपटात आलो असे सांगणे त्यांना सहज शक्य होते, आणि ते अधिक शोभूनही दिसले असते. ती शोभा त्यांनी नाकारली. २२ सप्टेंबर १९९१ रोजी त्यांचे निधन झाले.

आपल्या समाजात, विशेषतः मूळ भूमीपासून दूर वसलेल्या जुन्या घरांत, कुळाचा मान हा मोठा ठेवा मानला गेला आहे, आणि तसा तो मानण्यात गैर काही नाही. परक्या मुलखात टिकून राहण्यासाठी या मानाने अनेकदा आधार दिला. पण त्याच मानाखातर किती आवाज माजघरातच राहिले, किती मुलींची गाणी हळदीकुंकवापलीकडे गेली नाहीत, याचा हिशेब कोणत्याही दप्तरात सापडणार नाही. दुर्गाबाईंच्या चरित्राचे मोल या ठिकाणी आहे. कुळ त्यांच्या पाठीशी होते म्हणून त्या मोठ्या झाल्या असे म्हणणे अर्धे सत्य होईल. त्या कुळाने पडत्या काळात त्यांना जगवले नाही, त्यांच्या कामाने त्या कुळाला जगवले.

१९१३ साली दादासाहेब फाळके तारामती शोधीत मुंबईभर फिरले, तेव्हा विठा लाड ही आठ वर्षांची मुलगी याच शहरात होती. तिला त्या वेळी कोणी विचारले नाही, आणि विचारले असते तरी घरातून नकारच आला असता. तो नकार मागे घ्यायला समाजाला एकोणीस वर्षे लागली. त्यासाठी दुर्गाबाई कामत आणि कमलाबाई यांना आधी पुढे व्हावे लागले, यंत्राला बोलू लागावे लागले आणि एका सुखवस्तू घराला विपन्नावस्था यावी लागली. या सर्वांची नोंद घेऊनच दुर्गाबाई खोटे यांचे नाव घेतले पाहिजे. 'पहिली कुलीन स्त्री' या बिरुदापेक्षा 'पन्नास वर्षे काम केलेली स्त्री' हे वर्णन त्यांना अधिक शोभते, आणि त्यात त्यांच्या आधी आलेल्या कोणाचाही अवमान होत नाही.